चाळीसातले पाच

सारसोळ्याच्या जेट्टीपलीकडे, सुकती लागल्यावर,
पिवळी दोरी बांधून आम्ही चौकोन आखला,
दहा मीटर बाय दहा.
चिखल पोटरीपर्यंत. वर्तकबाई काठावरून ओरडत होत्या,
"तिवराच्या मुळांवर पाय नको,
श्वास घेतायत ती."

एमेस्सी, दुसरं सेमिस्टर. समष्टी आणि समुदाय, पेपर चार.
पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा.
नेलपॉलिश माझं, लाल, बहिणीच्या हळदीतलं उरलेलं.
इम्तियाज खेकडा धरायचा, मोठी नांगी आवळून,
मी पाठीवर आकडा काढायची
आणि फुंकर घालून वाळवायची,
पोराच्या खरचटल्यावर घालतात तशी.
चाळीस.

तेवढ्यात मालूआत्या आली, निवट्या धरायला.
कमरेला टोपली. दोरी ओलांडून सरळ आत,
आमच्या चौकोनातून अशी गेली
जणू तिच्याच ओटीवर पोरांनी खडूने आखलाय.
"खेकऱ्यांना लगीन हाय का गं?"
बाई म्हणाल्या, नोंद करा: मानवी हस्तक्षेप.
मी नोंद केली. आडनाव लिहिलं नाही.
माझंच होतं ते.

वर्गात फळ्यावर गृहीतकं होती.
एक, समष्टी बंद आहे: कुणी येत नाही, कुणी जात नाही,
जन्म नाही, मरण नाही.
दोन, खूण पुसली जात नाही.
तीन, खुणेमुळे कुणाचं जगणं अवघड होत नाही.
तिसऱ्याशी इम्तियाजचं पेन थांबलं.
"मुंब्र्याला येऊन शिकवा म्हणावं," तो पुटपुटला,
आणि उतरवून घेतलं. परीक्षेला येतं.

पंधरा दिवसांनी, त्याच चिखलात, त्याच दोरीत
अठ्ठेचाळीस सापडले. लाल आकड्याचे पाच.
चाळीस गुणिले अठ्ठेचाळीस, भागिले पाच:
तीनशे चौऱ्याऐंशी.
"छान," बाई म्हणाल्या, "आता परतीचं प्रमाण."
चाळीसातले पाच.
साडेबारा टक्के.

कॅल्क्युलेटर बंद करून मी पुन्हा चालू केला.
हा आकडा आमच्या घरात माझ्याआधीपासून राहतो,
कपाटावरच्या निळ्या फायलीत.
गेलेल्या जमिनीतली साडेबारा टक्के परत मिळते:
दुसरीकडे, दुसऱ्या आकाराची, कधीतरी.
बाबा दर सोमवारी फाइल घेऊन बेलापूरला जायचे
आणि दर सोमवारी तीच घेऊन यायचे.
पाहुण्याने किती वाजले विचारलं
आणि नेमके साडेबारा वाजलेले असले
तर आमच्याकडे उत्तर द्यायला कुणी पुढे होत नसे.

मग उरलेले पस्तीस?
"मेलेच असतील असं नाही," बाई म्हणाल्या,
"सरकले असतील, बिळात असतील.
सूत्राला एवढंच लागतं,
की ते बाकीच्यांत नीट मिसळून गेले."

निघताना तिवराच्या मुळाशी मला सतरा दिसला.
उचलला तर हलका, कांद्याच्या सालासारखा.
नुसती कात.
पाठीवर लाल सतरा, अक्षर माझंच,
डोळ्यांच्या देठांची खोळसुद्धा शाबूत.
खेकडा मागच्या फटीतून निघून गेलेला,
मऊ, बिनआकड्याचा, थोडा मोठा होऊन.
कदाचित आजच्या अठ्ठेचाळीसांत तोही असेल.
मीच त्याला हातात धरून
"नवीन" असं लिहिलं असेल.

रकाने तीनच होते. मी चौथा आखायला घेतला,
पट्टी चिखलाने बरबटलेली, रेघ फाटली.

जेट्टीवर आत्या पाय धूत होती. "कवरं गावलं?"
"तीनशे चौऱ्याऐंशी."
"हातान अठ्ठेचालीस, नि तीनशे कुठशी?"
मी सूत्र सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पूर्ण.
मग आपली टोपली उचलून एकदा हलवली,
आतला ओला आवाज ऐकला,
"पुरतील," म्हणाली, आणि घरी गेली.

सतरा मी कंपासपेटीत ठेवला होता.
वाशीपर्यंत त्याचा चुरा झाला.
आकडा तेवढा
झाकणाला चिकटून आला.